खळ्यातून दिसलेला बुरूज

वन्सं, काल समाचाराला आलेल्या बायकांनी तुम्हाला सोशिक ठरवले. एकीने सोशिक म्हटले, दुसरीने गरीब स्वभावाच्या म्हटले, आणि तिसरीने डोळ्यांना पदर लावून सांगितले, “कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत हो!” ह्या तिसऱ्या वाक्याला मला हसू आले. ते लपवायला मी पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गेले, आणि आत माठावरचे झाकण हातात धरून बराच वेळ तशीच उभी राहिले. माझ्याशी उलट बोलणारे ह्या घरात आता कोणी उरले नाही.

तुमच्या दादांनी नैरोबीला मुलाला पत्र लिहिले आहे. ताप कधी आला, डॉक्टर कोण होते, शेवटी कोण कोण जवळ होते, हे सगळे त्यात आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही. पण तिथल्या नातवंडांपैकी शरूने मागच्या टपालात विचारले होते, “आत्याआजी शाळेत गेल्या नाहीत, तर त्यांचं पुस्तक कसं छापलं? आणि आगबोटीच्या तिकिटाचे पैसे सभेने का दिले?” मी उत्तर पाठवले होते की आत्याआजींना विचारून सविस्तर लिहिते. विचारायचे राहून गेले. म्हणून आता तुम्हालाच लिहिते आणि ह्याचीच नक्कल शरूला आणि वसंताला, दोन्ही नातवंडांना, पाठवते. मुलांसाठी तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही लिहाव्या लागतील. पाल्हाळ झाले तर रागावू नका.

तुमच्या वडिलांची, म्हणजे माझ्या मामंजींची, नजर अधू झाली तेव्हा कचेरीतले मोडी कागद त्यांना वाचून दाखवायला घरात तुम्हीच होतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलीने खरेदीखते नि तगाद्याची पत्रे खड्या आवाजात वाचायची, आणि चुकले की त्यांनी पाटावर बोट आपटायचे. तुमची शाळा ती. माझी शाळा पुण्याची, इंग्रजी. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तुम्ही जयगडला सासरी निघाला होतात. सासरी तीन गलबते होती. पुढे तुमचे यजमान गेले आणि तुम्ही रत्नागिरीला भावाकडे परत आलात, तेव्हा ट्रंकेत दोन लुगडी होती आणि एक तांडेलाची वही. तांडेल म्हणजे गलबत चालवणारा, हे मुलांसाठी. वहीत मोडीत लिहिलेले: कुठला तारा कुठे आला म्हणजे कुठले बंदर जवळ, कुठे पाण्याखाली खडक, कुठला वारा किती दिवस धरायचा. मधूनमधून किनाऱ्याची चित्रे. तुमच्या दिरांनी ती रद्दी म्हणून दिली होती.

ती वही घेऊन तुम्ही दहा वर्षे बसलात. दुपारची भांडी आवरली की हात धुऊन, पुसून, पडवीत वही उघडायची आणि मोठ्याने वाचायची. मनातल्या मनात मोडी वाचता येत नाही असे तुमचे ठाम मत. अडलेल्या शब्दावर चिंचोका ठेवायचा, पुढे जायचे, आणि अर्थ लागला की चिंचोका उचलायचा. पहिल्या वर्षी पाने चिंचोक्यांनी भरून जात. पुढे पुढे एखाददुसराच दिसे.

त्या वहीतल्या एका चित्राने सगळे घडले. जयगडच्या खाडीचे मुख, आणि एका बाजूला उंचावर बुरूज. तुमच्या सासरच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, समुद्राकडे तोंड करून उभे राहिले की गड डाव्या हाताला आणि खाडीचे मुख उजव्या हाताला. चित्रात नेमके उलटे होते. खाडी डावीकडे आणि बुरूज उजवीकडे. तुम्ही त्याचा अर्थ असा लावलात की हा आजचा गड नव्हे. खाडीच्या पलीकडच्या तीरावर पूर्वी दुसरा बुरूज असला पाहिजे, जो पडून नाहीसा झाला. तुम्ही ते मराठीत लिहिलेत, मी शुद्धलेखन पाहिले, आणि एका मासिकाने छापले. दोन पंडितांनी कौतुकाची पत्रे पाठवली. एकाने तर त्या बुरुजाला नावही सुचवले.

त्याच सुमारास मुंबईच्या एका सभेची जाहिरात मी वर्तमानपत्रात वाचली. जुनी कागदपत्रे नि संग्रहालयातल्या वस्तू जिथे असतील तिथे जाऊन अभ्यास करणाऱ्यांना ती सभा प्रवासवृत्ती देई, म्हणजे जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च. शरू, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. विद्वान माणूस घरी बसला आणि कागद शेकडो मैलांवर पडले, तर दोघांचाही उपयोग नाही, म्हणून कोणी तरी तिकीट काढून द्यावे लागते. मुंबईच्या एका संग्रहालयात आणखी एक मोडी वही आहे, यादीत तिच्यापुढे ‘जन्मपत्रिका’ असे लिहिले आहे, पण आत गलबतांची नावे आहेत, असे तुम्हाला कोणी तरी कळवले होते. ती वही पाहून आपला बुरूज पक्का करायचा, एवढाच अर्ज. अर्ज इंग्रजीत हवा होता, तो मी लिहिला. नावाच्या रकान्यात फक्त आद्याक्षरे लिहू का, असे मी विचारले.

“का? मी काय चोरून चाललेय?” तुम्ही म्हणालात. “द्वारकाबाई लिहा. स्पष्ट लिहा.”

मी स्पष्ट लिहिले, आणि तरी वृत्ती मिळाली. सभेतल्या एका गृहस्थांनी विरोध केला होता हे नंतर कळले. पदवी नाही, इंग्रजी नाही, घराबाहेर पाऊल नाही, अशा बाईला काय पाठवता, असे त्यांचे म्हणणे. बाकीच्यांनी तुमचा बुरूज पुढे केला. तो बुरूज तुमचे प्रशस्तिपत्र होते, वन्सं. हे मुलांनी लक्षात ठेवले पाहिजे, नाही तर पुढचे कळणार नाही.

आपण दोघी निघालो, माझे तिकीट तुमच्या दादांनी काढले. बंदरावरून पडावात बसून आगबोटीपर्यंत जायचे, तिथेच माझा जीव अर्धा झाला. बोटीवर चढल्यावर मी सतरंजी पसरली, लिंबू नाकाशी धरले आणि डोळे मिटले. तुम्ही मात्र कठड्याला धरून उभ्या. जन्म समुद्रकाठी, सासर गलबतवाल्यांचे, आणि त्या दिवसापर्यंत तुम्ही समुद्रावर म्हणून कधी गेला नव्हतात. गलबताला घरच्या बाईचा पाय लागू द्यायचा नाही ही तुमच्या सासरची रीत. माहेरी यायचे तेही बैलगाडीने, आणि खाडी ओलांडायची तर तरीच्या होडीतून, वर पांघरूण घेऊन. समुद्र तुम्ही चाळीस वर्षे पाहिलात. समुद्रातून जमीन कशी दिसते, हे एकदाही नाही.

आरे-वाऱ्याची वाळू मागे पडली, आणि काही वेळाने जयगड आले. पुढचे संभाषण मी ऐकलेले नाही, मी लिंबू हुंगत पडले होते. पण तुम्ही ते इतक्या वेळा करून दाखवलेत, त्या म्हाताऱ्याच्या आवाजासकट, की मला पाठ आहे. तुम्ही चित्राची नक्कल हातात धरून किनारा शोधत होतात. शेजारी एक म्हातारे तांडेल लेकाकडे मुंबईला चालले होते.

“बाय, ह्यो कोनी काडलान?”

“जुन्या तांडेलानं.”

“ब्येस काडलान. समोर बगा की. उजवीकडं गड, डावीकडं खाडी.”

“अहो, गड डाव्या हाताला असतो.”

“कुठसून?”

“आमच्या खळ्यातून.”

“मग तो तांडेल काय तुमच्या खळ्यातसून गलबत हाकीत होता होय?”

तुम्ही चित्र वर धरलेत. मग खाली केलेत. मग पुन्हा वर. नंतर माझ्याकडे येऊन पायाला हात लावून मला उठवलेत. “वहिनी, उठा. बुरूज बुडाला.”

मला वाटले, खरेच काही तरी बुडाले. मी घाबरून उठून बसले. तुम्ही शांतपणे समजावून सांगितलेत. पलीकडच्या तीरावर बुरूज नव्हताच कधी. चित्रातला गड म्हणजे आजचाच गड. चित्र काढणाऱ्याने समुद्रातून पाहिले होते आणि तुम्ही दहा वर्षे खळ्यातून पाहत होतात.

“आता परत फिरायचं?” मी विचारले. मला खरे तर परतच फिरायचे होते.

“छे! आता तर बघायलाच हवं. दुसऱ्या वहीतही चित्रं असतील. आता ती कुठे उभं राहून बघायची ते कळलंय.”

मुंबईचे ते बारा दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. संग्रहालयाच्या उंच खिडक्यांच्या दालनात सगळे मान खाली घालून मुकाट्याने वाचत होते आणि तुम्ही पहिल्याच ओळीला मोठ्याने सुरुवात केलीत. सहायक धावत आले.

“बाई, इथं मनात वाचायचं असतं.”

“मनात तुम्ही वाचलंत ना? म्हणून तर पत्रिका म्हणून लिहून बसलात.”

मी मान खाली घातली. मग तुम्ही कनवटीतून चिंचोके काढलेत तेव्हा मात्र ते रडायच्या बेतात आले. चिंचोके पानावर ठेवायचे नाहीत, शेजारी कागदावर ओळीचा क्रमांक लिहून त्यावर ठेवायचे, असा तह मी घडवून आणला. चौथ्या दिवशी तेच सहायक वरिष्ठांना घेऊन आले. तुम्ही उठून त्यांना विचारलेत, “ह्यात नक्षत्रं आहेत, कबूल. पण पत्रिका असेल तर जन्मला कोण, ते दाखवा. ह्यात माणूस कुठे आहे? ह्यात नुसता वारा आहे.” आणि एक पान वाचून दाखवलेत, हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत. वरिष्ठ खुर्ची ओढून बसले. जाण्यापूर्वी त्यांनी यादीतला ‘जन्मपत्रिका’ हा शब्द तुमच्यादेखत खोडला. दोन्ही वह्यांतली चित्रे समुद्रातून काढलेली आहेत, आणि ती तशी पाहिली तर कोकणातले एकेक बंदर ओळखू येते, हे तुम्ही तिथे सिद्ध केलेत. बुरूज गेला, पण त्याच्या जागी अख्खा किनारा आला. मी शेजारच्या बाकावर बसून तुमची टिपणे नीट नकलून काढत होते. बसल्या जागी मला इतका अभिमान वाटत होता की दोनदा शाई सांडली.

आता ज्याबद्दल आपण कधी पुरते बोललो नाही ते लिहिते.

परत आल्यावर महिन्याच्या आत सभेला इंग्रजी अहवाल पाठवायचा होता. तुम्ही पडवीत आमसुले उलटत होतात आणि मी दौत-टाक घेऊन बसले होते.

“लिहा. पहिलं वाक्य, मी चुकले.”

“अहो वन्सं, असं कोणी लिहीत नाही. आधी केलेलं काम लिहितात.”

“चूक आधी झाली की काम आधी झालं?”

“त्या गृहस्थांना हेच हवं आहे. तुम्ही त्यांच्या हातात काठी देताय.”

“काठी त्यांच्या हातात आहेच. आपण निदान पाठ दाखवू नये.”

“आणि उद्या दुसऱ्या बाईचा अर्ज आला, की तुमचा अहवाल काढून दाखवतील. एकीला पाठवून पाहिलं, तिला डावं-उजवं कळेना, म्हणतील.”

“आणि त्या दुसऱ्या बाईनं माझा बुरूज खरा धरला आणि त्याच्यावर तिचं काम रचलं तर? ते चालेल तुम्हाला?”

मी तुम्ही सांगाल तसे मराठीत उतरून घेतले. भाषांतर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीने केले. पहिले वाक्य मी शेवटच्या पानावर नेले, आणि त्याचे असे काही केले, की त्याचा मराठीत अर्थ व्हावा: ‘पूर्वीच्या अनुमानात काही अंशी दुरुस्ती संभवते.’ व्याकरण निर्दोष होते. माझ्या शाळेतल्या मडमेने शाबासकी दिली असती. खाली तुम्ही मोडीत सही केलीत. वाचता येत नसलेल्या कागदावर, माझ्या भरवशावर.

तुमच्या दादांनी टपालात टाकण्यापूर्वी तो वाचला. ते वकील माणूस. एवढेच म्हणाले, “ह्यात खोटं काही नाही. पण हे तिचंही नाही.” तरी पाकीट मीच चिकटवले.

सभेने दुसरी प्रवासवृत्ती दिली, पणजीच्या जुन्या दफ्तरात जाण्यासाठी. पकडलेल्या गलबतांवरचे मोडी कागद तिथे होते. पत्र आले तेव्हा तुम्ही घरभर फिरलात. “बघा वहिनी! चुकले असं तोंडावर सांगितलं तरी पाठवतात. उगाच घाबरत होतात.” शेजारीही तुम्ही हे सांगितलेत, देवळातही सांगितलेत. प्रत्येक वेळी मी काही तरी उचलून आत घेऊन जात असे. त्या महिन्यात आपले घर फार नीटनेटके होते.

मग चिटणीस आले. सभेचे चिटणीस, मुंबईचेच पण मराठी, एका लग्नासाठी रत्नागिरीला आले होते आणि मुद्दाम तुम्हाला भेटायला घरी आले. पन्हे घेताना म्हणाले, “बाई, तुमचा अहवाल आम्हाला फार आवडला. ती दुरुस्ती किती नेमस्त शब्दांत मांडलीत.”

“नेमस्त?” तुम्ही विचारलेत. “काय मांडलं होतं?”

त्यांनी मराठीत सांगितले. अनुमान, काही अंशी, संभवते.

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. एकदाच. मग पदर सारखा करून त्यांना म्हणालात, “हे आमच्या वहिनींचं इंग्रजी. त्यांनी माझ्या काळजीनं लिहिलं. माझं मराठी मी सांगते. बुरूज नव्हताच. काही अंशी नाही, अजिबात नव्हता. मी खळ्यात उभी राहून दर्यातलं चित्र वाचलं. हे सभेपुढे ठेवा, आणि मग मला पाठवायचं की नाही ते पुन्हा ठरवा. तोवर मी पणजीला जात नाही.”

चिटणीस गडबडले. “अहो, त्याची काय गरज आहे? वृत्ती मंजूर झालेली आहे.”

“ती ज्या अहवालावर मंजूर झाली, तो माझा नाही. सही माझी आहे.”

ते गेल्यावर मी तुमच्या मागे मागे स्वयंपाकघरात आले. “मी तुमच्यासाठीच केलं,” म्हटले.

“माझ्यासाठी केलंत. पण माझ्या सहीवर केलंत.”

त्यानंतर आठ दिवस तुम्ही माझ्याशी फक्त स्वयंपाकाचे बोललात. मीठ, ताक, सोलकढी. नवव्या दिवशी सभेचे पत्र आले. वृत्ती त्या वर्षापुरती रद्द केली होती आणि पणजीला एका प्राध्यापकांना पाठवले होते. त्या विरोध करणाऱ्या गृहस्थांनी सभेत काय म्हटले असेल ते मला निराळे कळवायची गरज नव्हती. मी ते आधीच पडवीत बोलून दाखवले होते, जवळजवळ त्याच शब्दांत. गावातही पसरले. बाजारात कोणी तरी तुम्हाला ‘डाव्या-उजव्याच्या बाई’ म्हणाले. मी तावातावाने घरी येऊन सांगितले, तर तुम्ही म्हणालात, “मग खरंच आहे की. आता बिघडलंय कुठे, आता मला कळतं.”

आणि मग तुम्ही जे केलेत ते मुलांनी नीट वाचावे. तुम्ही जयगडला निरोप पाठवून एका मचव्याचा, म्हणजे शिडाच्या लहान होडीचा, बंदोबस्त केलात. तुमचे दीर रागावून इथवर आले. घरच्या बायकांनी पाण्यावर जायचे नाही ही रीत त्यांनी तुम्हाला समजावली. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि सांगितलेत, “भावोजी, रीत पाळली म्हणून तर बुरूज चुकला.” ते चहा अर्धा टाकून गेले. दोन हिवाळे तुम्ही त्या मचव्यातून किनारा पाहत फिरलात, वही मांडीवर, म्हाताऱ्या तांडेलांना विचारत, आणि प्रत्येक बंदराचे चित्र दोनदा काढत: एकदा दर्यातून, एकदा जमिनीवरून. मी सोबत होते, बहुतेक वेळ मचव्याच्या काठावर ओणवी. “वहिनी, मान जरा बाजूला, मागचा डोंगर दिसत नाही,” एवढीच तुमची सहानुभूती.

तिसऱ्या वर्षी तुम्ही पुन्हा अर्ज केलात. पहिले वाक्य तुम्ही सांगितलेत ते असे: ‘माझे पूर्वीचे अनुमान चुकीचे होते, आणि ते का चुकले हे मला आता सांगता येते, म्हणून मला पणजीला पाठवावे.’ मी त्याचे शब्दाला शब्द इंग्रजी केले. मग तुम्ही म्हणालात, “आता हे मला उलट मराठीत वाचून दाखवा.” मी वाचले. तेव्हापासून तुमचे एकही इंग्रजी पत्र असे उलट वाचून दाखवल्याशिवाय ह्या घरातून गेले नाही. पहिल्यांदा मला त्याचा अपमान वाटला. नंतर कळले की तुम्ही मला पुन्हा कामावर घेतले होते.

पणजीचे दीड महिने, तिथले कापडात बांधलेल्या मोडी कागदांचे रुमाल, आणि त्यातून झालेले तुमचे लहानसे पुस्तक, हे मुलांकडे आहेच. शरू, तू पुस्तकाचे पहिले पान उघड. समोरासमोर दोन चित्रे आहेत. डावीकडचे चुकलेले, उजवीकडचे बरोबर. चुकलेल्या चित्राखाली आत्याआजींनी स्वतःचे नाव घातले आहे, आणि बरोबर चित्राखाली त्या जुन्या, अनामिक तांडेलाचा उल्लेख. छापखानेवाल्यांनी विचारले होते, बाई, नावांची अदलाबदल तर झाली नाही ना? मी त्यांना कळवले की नाही.

वन्सं, एक वाद मी अजून सोडलेला नाही. पहिल्या अहवालात मी ते वाक्य मवाळ केले नसते तर चिटणीस आपल्या घरी पन्हे प्यायला आले नसते, तुम्हाला तोंडाने सांगायची संधी मिळाली नसती, आणि तुमचे नाव त्या फायलीत कायमचे मिटले असते. तांदूळ निवडताना हे मी तुम्हाला निदान वीस वेळा ऐकवले. तुम्ही दर वेळी म्हणत होतात, “मी पुन्हा अर्ज केलाच असता,” आणि मी म्हणत होते, “त्यांनी उघडलाच नसता.” तुम्ही गेलात म्हणून मी हा वाद जिंकले असे काही समजत नाही. पण हरलेलेही नाही.

मात्र एक गोष्ट सांगायची राहिली, ती ह्या वादातली नाही. चिटणिसांपुढे तुम्ही बोलत होतात तेव्हा माझे कान तापले होते. माझ्याच पडवीत, परक्या माणसासमोर, माझे काम उघडे पडत होते. आणि त्याच क्षणी मला वाटले होते, ही आमची आहे. आमच्या घरची आहे. शाळेत न गेलेली ही बाई मुंबईच्या सभेला सांगते आहे की पुन्हा ठरवा. मला त्या वेळी उठून तुमच्या शेजारी उभे राहावेसे वाटले होते. मी पन्ह्याचे पेले उचलले.

काल, त्या बायका गेल्यानंतर, टपाल आले. पत्र चिटणिसांचे, तुमच्या नावाने, अजून त्यांना कळलेले नाही. सभा आपला प्रवासवृत्तीचा अर्ज यंदापासून मराठीतही छापणार आहे. आणि इंग्रजी अर्जात एक नवा रकाना गेली दोन वर्षे आहे, तो तुमच्या तिसऱ्या वर्षीच्या त्या अर्जावरून घातला, असे ते लिहितात. अर्जदाराने स्वतःचे पूर्वीचे चुकलेले अनुमान तिथे नोंदवायचे असते. पहिल्या वर्षी पुष्कळांनी तो कोरा ठेवला. कोरा ठेवणाऱ्यांना सभा आता आधी पत्र पाठवून कारण विचारते. यंदाच्या अर्जदारांत दोन बायका आहेत आणि दोघींनी रकाना भरला आहे. ह्या रकान्याचे मराठी शब्द द्वारकाबाईंनीच सुचवावे, अशी विनंती आहे.

मी संध्याकाळपर्यंत थांबले. तुमच्या दादांना दाखवू का, असे मनात आले. दाखवले नाही. मग तुमच्या निधनाचे चार ओळींत कळवले आणि खाली, निराळ्या ओळीवर, तो मजकूर लिहिला: ‘तुम्ही कुठे चुकलात? कसे कळले?’

आधी मी सुरुवातीला ‘चूक झाली असल्यास’ हा तुकडा घातला होता. तो खोडला, दुसरा कागद घेऊन स्वच्छ नक्कल केली, आणि आज सकाळी स्वतः चालत जाऊन पत्र टपालात टाकले.